पालिकेचा ठराव आणि आपली घरपट्टी : कोकणातल्या शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन. कोकणातली ही शहरं लहान आहेत. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहर सुमारे 76 हजारांचं होतं, मालवण 18 हजारांच्या आसपास, तर वेंगुर्ला 12 हजारांच्या आसपास. तरीही पाणी, गटार, रस्ते, दिवे आणि कचरा हा सगळा कारभार प्रत्येकाला स्वतःच पाहावा लागतो. सभागृहात काय ठरतं, त्याचा खर्च कोण देतं आणि आपण कुठे बोलू शकतो, याबद्दल लोक नेहमी जे विचारतात त्याची उत्तरं इथे दिली आहेत. नगरपरिषद असो वा नगरपंचायत, दोन्हींना 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो. म्हणून बहुतेक उत्तरं गुहागर, दापोली, लांजा, कणकवली किंवा कुडाळ इथेही चालतील.

सभेत ठराव मंजूर झाला. म्हणजे काम सुरू होणार ना?

लगेच नाही. ठराव ही सुरुवात असते. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निधीची तरतूद, निविदा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे आपण ज्याला वर्क ऑर्डर म्हणतो ती. मधल्या कुठल्याही पायरीवर फाईल महिनोन्‌महिने थांबू शकते.

कोकणात यात आणखी एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर डांबराचं काम करता येत नाही आणि ऑक्टोबरातही परतीचा पाऊस असतो. डांबरी रस्त्याची वर्क ऑर्डर फेब्रुवारी उलटून निघाली, तर ठेकेदाराच्या हातात मे अखेरपर्यंतचे जेमतेम तीन महिने राहतात. मग पहिल्या पावसाच्या तोंडावर घाईने कार्पेट मारलं जातं आणि गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा खड्ड्यांतून गाड्या हाकतात. त्यामुळे नगरसेवकाला "ठराव झाला का?" असं विचारू नका. "वर्क ऑर्डर कोणत्या महिन्यात निघेल?" असं विचारा.

नागरिकाला सभेला बसता येतं का?

येतं. काही कारण नोंदवून सभा बंद दाराआड घेण्याचं ठरलं नसेल तर ती लोकांसाठी खुली असते. तिथे बोलता येत नाही, पण ऐकता येतं. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका आधी निघते. ती पालिकेच्या फलकावर लागते आणि नगरसेवकाकडे तर असतेच. ती वाचूनच जा, कारण सभेत नुसते विषयांचे क्रमांक पुकारले जातात आणि "मंजूर, मंजूर" म्हणत पंधरा विषय अर्ध्या तासात निघून जातात.

"ऐनवेळचे विषय" या सदराकडे खास लक्ष द्या. शोकप्रस्ताव किंवा अभिनंदनाचा ठराव ऐनवेळी आला तर कोणाचं काही बिघडत नाही. पण खर्चाचा, भाड्याचा किंवा जागेचा विषय विषयपत्रिकेत नसताना ऐनवेळी घुसवला, तर नगरसेवकांनाही तो वाचायला वेळ मिळत नाही. असा ठराव करणं मला सरळ चूक वाटतं, मग सत्तेवर कोणीही असो.

2021 ते 2025 या काळात नगरसेवकच नव्हते. तेव्हाचे निर्णय आजही लागू आहेत का?

हो. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी इथल्या नगरपरिषदांची मुदत 2021 च्या अखेरीस संपली आणि पुढच्या निवडणुका थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. मधली चार वर्षं सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळातले ठराव, करार आणि निविदा कायदेशीरच आहेत. नव्या सभागृहाला धोरण बदलता येईल, पण सही झालेला करार ठराव करून पुसता येत नाही.

माझ्या मते नव्या नगरसेवकांनी पहिल्या वर्षातच या चार वर्षांच्या खर्चाची यादी सभेपुढे मागायला हवी. कोणाला पकडण्यासाठी नव्हे. कुठल्या कामाची देयकं थकली आहेत आणि कुठल्या कामाचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, अजून चालू आहे, हे माहीत असल्याशिवाय पुढचा अर्थसंकल्प करताच येत नाही.

पालिकेकडे पैसा येतो तरी कुठून?

चार वाटांनी येतो.

पहिली वाट आपल्या खिशातून जाते. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, बांधकाम परवानगीचं शुल्क. दुसरी वाट सहायक अनुदानाची. जकात बंद झाली तेव्हा त्या उत्पन्नाच्या बदल्यात शासनाने हे अनुदान सुरू केलं आणि लहान पालिकांत ते मुख्यतः पगारावरच खर्ची पडतं. तिसरी वाट केंद्रीय वित्त आयोगाची. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिला होता. मोकळा भाग होता 40 टक्के. म्हणून "पैसे आहेत, पण रस्त्याला वापरता येत नाहीत" असं मुख्याधिकारी सांगतात तेव्हा बहुतेक वेळा ते खरं असतं.

चौथी वाट योजनांची. नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजनचा निधी, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं अनुदान, अमृत 2.0. फलकावर जे कोटींचे आकडे दिसतात ते इथले. अमृत 2.0 मध्ये एक लाखाखालच्या शहरांच्या प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र देतं. उरलेल्यात राज्याचा वाटा असतो आणि थोडा पालिकेचाही. हा "थोडा" वाटा लहान पालिकेला अतिशय जड जातो.

मोठा निधी मंजूर झाल्याचे फलक लागतात. तरी पालिकेकडे पाइप दुरुस्त करायला पैसे का नसतात?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

योजनेचा पैसा बांधायला मिळतो, चालवायला मिळत नाही. पाण्याची टाकी, नाट्यगृह, उद्यान, मच्छीमार्केटची इमारत, जलशुद्धीकरण केंद्र यांतलं काहीही अनुदानातून उभं राहील. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याचं वीजबिल, राखणदार, रंगरंगोटी आणि पंपाची दुरुस्ती हे सगळं पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करायचं असतं. म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीतून. प्रत्येक नवी इमारत पालिकेच्या तिजोरीवर दरवर्षीचा नवा भार टाकते आणि तो भार ठरावात कुठेच लिहिलेला नसतो.

त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. समुद्रालगतच्या शहरात लोखंडी रेलिंग, दिव्याचे खांब, पंपहाऊसची दारं आणि स्लॅबमधली सळई देशावरच्या गावापेक्षा किती तरी लवकर गंजते. सरकारी दरसूचीतला दर बांधण्यापुरता असतो. पाच वर्षांनी काय उरेल ते दरसूची सांगत नाही. किनाऱ्यावर दर दोन-तीन वर्षांनी रंग न दिलेलं लोखंड वाया गेलं असंच धरावं.

कोकणातल्या पालिकांचं दुखणं योजना आणण्यात नाही. योजना आणणारे पुढारी आपल्याकडे प्रत्येक पक्षात आहेत. दुखणं आहे ते चालवण्यात. "याचा वर्षाचा खर्च किती आणि तो कुठल्या खात्यातून?" हा प्रश्न सभेत विचारणारे मोजकेच आणि अशा नगरसेवकाला सहसा "विकासाच्या आड येणारा" म्हणून हिणवलं जातं. मला विचाराल तर तो सभागृहातला सर्वांत कामाचा माणूस आहे.

पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव आला की सगळे विरोध करतात. खरंच वाढवायची गरज असते का?

हिशोब मांडून पाहू. 20 हजार वस्तीचं शहर घ्या. केंद्राच्या मार्गदर्शिकेत भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर धरतात. तेच माप धरलं तर रोज 27 लाख लिटर पाणी लागेल. धरण किंवा जॅकवेलपासून टाकीपर्यंतची चढण आणि पाइपातलं घर्षण मिळून 100 मीटर धरू. पंप-मोटरची कार्यक्षमता 62 टक्के धरली तर हजार लिटर वर चढवायला साधारण 0.44 युनिट वीज लागते. म्हणजे रोज जवळपास 1,190 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तरी दिवसाला साडेनऊ हजार रुपये, वर्षाला सुमारे 35 लाख.

आता 30 टक्के गळती धरा. नळापर्यंत 27 लाख लिटर पोचवायचं तर साडेअडतीस लाख लिटर चढवावं लागेल. वीजबिल जातं वर्षाला 50 लाखांच्या घरात. गळक्या पाइपातून दरवर्षी 15 लाखांची वीज जमिनीत मुरते. नळजोडण्या 5 हजार असतील तर नुसत्या विजेचेच जोडणीमागे वर्षाला हजार रुपये होतात. तुरटी, क्लोरीन, कामगार, दुरुस्ती हे सगळं वेगळं.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या शहराचे खरे आकडे पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडून घ्या आणि असाच हिशोब मांडा. अर्धा इंची नळाला वर्षाला किती पट्टी भरता, तेही शेजारी लिहा. बहुतेक ठिकाणी खर्च आणि वसुलीत मोठं अंतर दिसेल. म्हणून दरवाढीला डोळे मिटून विरोध करणं मला पटत नाही, आणि गळती मोजल्याशिवाय केलेली दरवाढही पटत नाही. आधी मुख्य वाहिनीवर मीटर बसवा, टाकीत किती आलं आणि नळाला किती गेलं ते जाहीर करा, मग दराचं बोला. ही अट नागरिकांनी सभागृहाला घालायला हवी.

कोकणात एवढा पाऊस पडतो, मग मे महिन्यात एक दिवसाआड पाणी का?

पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत आणि उतारावर. खाली जांभा. जांभ्याला छिद्रं असतात. पाणी आत जातं, तितक्याच लवकर खालच्या व्हाळातून वाहून समुद्राला मिळतं. त्यामुळे एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात. त्यातच मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात, बंद घरं उघडतात, मालवणसारख्या गावात पर्यटक भरतात आणि मागणी वाढते ती नेमकी साठा कमी असतानाच.

साठवण हाच इलाज आहे आणि आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता. मालवणला पाणी देणारा धामापूरचा तलाव 1530 चा. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. वेंगुर्ल्याला निशाण तलाव, सावंतवाडीला पाळणेकोंड, रत्नागिरीला शीळ आणि पानवल, राजापूरला कोदवलीचं ब्रिटिश काळातलं सायबाचं धरण. यांतला गाळ काढणं, पाणलोटातली झाडं राखणं आणि गळती थांबवणं ही कामं फलकावर शोभत नाहीत. तरी नव्या योजनेच्या किती तरी कमी खर्चात ती पाणी देतात. उंचावरून स्वतःच उतरणारं पाणी मिळत असेल तर वीजबिलही वाचतं. चिपळूणकरांनी ग्रॅव्हिटीच्या योजनेसाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला तो याचसाठी.

आमच्या वाडीतला रस्ता दर पावसाळ्यात का उखडतो? दरवेळी ठेकेदारच खातो का?

काही ठिकाणी खातही असेल, पण सगळं त्याच्या माथी मारलं की खरं कारण झाकलं जातं.

डांबराचा शत्रू पाणी. रस्त्याच्या कडेला गटार नसेल, किंवा असूनही रस्त्यापेक्षा उंच असेल, तर पाणी रस्त्यावरच थांबतं, खडी आणि डांबर यांची पकड सुटते आणि गाड्यांची चाकं उरलेलं काम करतात. आपल्या शहरांतले रस्ते मुळात पाखाड्या आणि बैलगाडीच्या वाटा होत्या. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम गाडी जाईल एवढी जागा, गटाराला वाव नाही. अंदाजपत्रकात रस्ता असतो, गटार "पुढच्या टप्प्यात" असतं आणि तो टप्पा येत नाही. माझं ठाम मत आहे की गटाराशिवाय रस्त्याचा एकही ठराव सभागृहाने मंजूर करू नये. पैसे कमी असतील तर अर्धाच रस्ता करा, पण गटारासकट करा.

दुसरं कारण खोदाई. रस्ता होतो, मग पाण्याची नवी लाइन येते, मग इंटरनेटची केबल. खोदणाऱ्याकडून पालिका रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे भरून घेते, पण ते त्याच रस्त्यावर लागले का हे कोणी पाहत नाही. हा आकडा मागण्यासारखा आहे.

तिसरं कारण दर. जांभ्याची खडी डांबराला चालत नाही, काळा दगडच लागतो आणि तो क्रशरवरून वाहून आणावा लागतो. शिवाय 18 जुलै 2022 पासून अशा कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. जीएसटीसकट एक कोटीच्या कामात सुमारे 15 लाख करातच जातात आणि रस्त्यावर उरतात 85 लाख. त्यात एखादा ठेकेदार काम मिळवायला अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने निविदा भरतो, तेव्हा ही तूट तो कुठून भरून काढणार, हा प्रश्न सभागृहाने विचारायला हवा. फार कमी दराने भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याचा नियम याचसाठी आहे.

मग सगळे रस्ते काँक्रीटचे का करत नाहीत?

पैसे असतील तर अतिवृष्टीच्या भागात काँक्रीट टिकतं, यात वाद नाही. पण आधी खालची जलवाहिनी बदलून घ्यायला हवी, नाहीतर वर्षभरात नवं काँक्रीट फोडावं लागेल. दुसरी काळजी उंचीची. जुन्या थरावर नवा थर चढत राहिला की रस्ता घराच्या ओट्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी थेट माजघरात शिरतं. जुना थर खरवडून काढण्याची बाब अंदाजपत्रकात आहे का, ते काम सुरू होण्यापूर्वी बघा. सुरू झाल्यावर ऐकून घेणारं कोणी नसतं.

हा रस्ता पालिकेचाच आहे हे कसं कळणार?

शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. रत्नागिरीत मिऱ्या-नागपूर महामार्ग राष्ट्रीय महामार्गाच्या ताब्यात आहे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे आहेत. मिऱ्याचा धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभागाकडे. दिव्याचं बिल पालिका भरते, पण वाहिनी महावितरणची. तक्रार चुकीच्या दारात गेली की वर्ष फुकट जातं, म्हणून आधी पालिकेच्या बांधकाम विभागात रस्त्याची नोंद तपासा.

पूर आला की पालिका काय करते? आणि पूररेषा म्हणजे काय?

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं आणि त्याच पावसाने महाडही बुडालं. राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना-कोदवलीचं पाणी येणं तर जवळपास दर पावसाळ्याचं. पूररेषा पाटबंधारे खातं आखतं. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळपास बंद होतं आणि दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. चिपळूणसारख्या शहरात बाजारपेठच रेषांच्या आत येते, म्हणून व्यापाऱ्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. ज्यांची दुकानं दोनदा पाण्याखाली गेली, त्यांनाच पुनर्बांधणीची परवानगी नाकारणं अन्यायाचं आहे. पण त्यावरचा तोडगा रेषा पुसणं हा नाही. तळमजला मोकळा ठेवून वर बांधू देणं, आणि वाशिष्ठी व शिवनदीतला गाळ एकदाच न काढता दर काही वर्षांनी काढणं, असा तो असू शकतो.

पालिकेच्या हातात एक काम मात्र पूर्णपणे आहे. शहरातले पऱ्ये आणि व्हाळ मोकळे ठेवणं. त्यांवर स्लॅब टाकून पार्किंग किंवा गाळे काढण्याचा कुठलाही ठराव हा पुढच्या पुराची तयारी आहे. असा विषय विषयपत्रिकेत दिसला तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.

घरपट्टी कशी ठरते? या वर्षी एकदम वाढली.

तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज काढतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात. उरतं ते वार्षिक करयोग्य मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, स्वच्छता, दिवाबत्ती, पाणी, अग्निशमन, वृक्ष कर असे टक्के लागतात, शिवाय राज्याचा शिक्षण कर. समजा वार्षिक भाडं 12 हजार धरलं, तर करयोग्य मूल्य 10,800. सगळे कर मिळून 25 टक्के असतील तर घरपट्टी 2,700 रुपये. टक्के शहरागणिक वेगळे असतात, ते बिलावरच लिहिलेले असतात.

एकदम वाढलेली पट्टी बहुतेक वेळा चतुर्थ वार्षिक आकारणीमुळे असते. दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरमोजणी होते आणि तुम्हाला नोटीस येते. या नोटिशीवर मुदतीत, म्हणजे साधारण 30 दिवसांत, हरकत घ्यायची असते. मापं चुकलीत का, पडवी किंवा पत्र्याची शेड पक्कं बांधकाम म्हणून धरली का, घरगुती वापर व्यापारी दाखवला का, हे तीन मुद्दे बघा. सुनावणीला स्वतः जा. त्यावर समाधान नसेल तर अपील समिती आहे. मुदत गेली की मात्र चार वर्षं तेच आकडे चालतात.

थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. पाच हजारांची थकबाकी वर्षभर ठेवली तर 1,200 रुपये वर चढतात.

आम्ही मुंबईत असतो, घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. तरी पूर्ण पट्टी का?

घरपट्टी घराच्या भाडेमूल्यावर असते, राहणाऱ्या माणसांवर नाही. रस्ता, दिवे, गटार बंद घरासमोरही लागतातच. खरी अडचण वेगळी आहे. बिल बंद दाराला अडकवलं जातं, नाव आजोबांचं असतं, हिस्सेदार सात आणि भरणारा कोणी नाही. मग दहा वर्षांनी शास्तीसकट आकडा समोर येतो. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा वारस नोंद करून घ्या आणि पालिकेत मोबाइल नंबर बदलून घ्या. एक लक्षात ठेवा, घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी मिळकत पत्रिका किंवा सातबारा लागतो.

चाकरमान्यांच्या घरांची थकबाकी ही कोकणातल्या प्रत्येक पालिकेची मोठी जखम आहे. गावच्या देवळासाठी हजारो रुपये देणारी मंडळी गावच्या पाण्यासाठी देत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कचऱ्याचा खर्च कमी होऊ शकतो का?

होऊ शकतो आणि ते वेंगुर्ल्याने दाखवलं. ओला-सुका घरातच वेगळा, ओल्याचं खत आणि बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरात, आणि ज्या डेपोकडे लोक नाक दाबून पाहत होते तिथे बाग. बाहेरगावची मंडळी आजही तो डेपो बघायला येतात. यात महागडं यंत्र गौण. रोजचा आग्रह महत्त्वाचा, न वेगळा केलेला कचरा न उचलण्याइतका. मिसळलेला कचरा वाहून नेण्याचा, साठवण्याचा आणि पुढे कधीतरी उपसण्याचा असा तिप्पट खर्च होतो. किनारा नियमन क्षेत्रामुळे शहराजवळ नवी जागा मिळणंही कठीण.

आमच्या जागेवर वीस वर्षांपूर्वी बागेचं आरक्षण टाकलंय. काय करायचं?

अंतिम विकास आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 खाली पालिकेला खरेदी सूचना देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येतं. हे काम चांगल्या वकिलाकडूनच करून घ्या. नागरिक म्हणून दुसरी बाजूही सांगतो. शहरात मोकळ्या जागा अशाच एक-एक करून जातात, कारण पालिका वेळेत मोबदल्याची तरतूद करत नाही.

आम्ही कुवारबावला राहतो. रत्नागिरी नगरपरिषदेचे ठराव आम्हाला लागू होतात का?

नाही. कुवारबाव, नाचणे, शिरगाव, मिरजोळे इथे ग्रामपंचायती आहेत. हद्दवाढ होईपर्यंत कर, पाणी, कचरा सगळं त्यांचंच.

ठराव चुकीचा वाटला तर थांबवता येतो का?

1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी एखाद्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. ठराव बेकायदेशीर आहे किंवा लोकांना त्यातून इजा वा त्रास होणार आहे, हे तुमच्या अर्जात कागदांसह दिसलं पाहिजे. "आम्हाला मान्य नाही" एवढ्याने भागत नाही. नगरसेवकांपैकी कोणी सभेतच विरोध नोंदवला असेल आणि तो इतिवृत्तात आला असेल, तर अर्जाला वजन येतं. म्हणून विरोध तोंडी करून थांबू नका, लिहून द्या, असं आपल्या नगरसेवकाला सांगा. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्याला मतदान करता येत नाही, पण बोलता येतं.

कुठले कागद मागावेत आणि कसे?

माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसह अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि नंतर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. छायांकित प्रतीला पानामागे 2 रुपये.

"शहरातील सर्व रस्त्यांची माहिती द्या" असा अर्ज करू नका. तो फेटाळला जातो किंवा चार महिने पडून राहतो. एकच काम निवडा आणि त्याचे हे कागद मागा : ठरावाची प्रत, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं, त्रयस्थ तपासणीचा अहवाल, दिलेली देयकं आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते. शेवटची तारीख सर्वांत कामाची. तोपर्यंत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पालिकेने स्वतःहून नोटीस काढली नसेल तर खड्ड्यांचे तारखेसह फोटो काढा, करारातल्या त्या अटीची प्रत जोडा आणि मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. हे सगळं ऑक्टोबरात, पाऊस थांबल्याबरोबर करा, म्हणजे डांबराचा हंगाम सुरू होताना तुमचा अर्ज टेबलावर असेल.